सहा महिन्यांचा पत्ता

दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, सकाळी साडेसात. हजर: अंकुशभाऊ, शमीमआपा, मी. कुत्री एकोणीस, मांजरी चार, पाय मोडलेलं गाढव एक. गैरहजर कुणी नाही. सगळ्यांनी खाल्लं. सगळी पाणी प्याली. हे शेवटचं वाक्य मी गेल्या वर्षापासून लिहायला लागले. त्याआधी कोण पाणी प्यालं याची नोंद ठेवावी असं मला कधी वाटलं नव्हतं.

हजेरी मांडायची सवय कॉलेजच्या ऑफिसातली. इतकी वर्षं प्रवेशाचे अर्ज तपासले की माणूस लग्नपत्रिकेतसुद्धा राहून गेलेला रकाना शोधतो. गेवराईच्या बाहेर, उमापूरच्या रस्त्याला आमची ही पत्र्याची शेड आहे. हायवेवर वाळूच्या हायवा डंपरखाली सापडलेली, कुणी पोत्यात घालून आणून सोडलेली, नुसतीच कुणाची नसलेली जनावरं इथे येतात. अंकुशभाऊ त्यांच्या जखमा बांधतात. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्मभर तेच केलं. त्यांचा हुद्दा व्रणोपचारक, पण तो गावाला म्हणता येईना, म्हणून लोक त्यांना डॉक्टर म्हणतात आणि ते प्रत्येकाला सांगतात, "डॉक्टर न्हाई, पट्टीवाला." शमीमआपांची खाणावळ आहे. उरलेला भात, शिळ्या भाकरी आणि सगळ्यांना घालायच्या शिव्या त्या घेऊन येतात. मी याद्या करते, औषधं मागवते आणि बरं झालेलं जनावर कुणी न्यायला आलं की त्याचा फॉर्म भरून घेते.

दसरा झाला की इथे ट्रॅक्टरचा आवाज बदलतो. एरवी ट्रॅक्टर येतो आणि जातो. या दिवसांत तो वस्तीवर येऊन दोन-तीन तास उभा राहतो. तेवढ्यात मागच्या ट्रॉल्या भरतात. पत्रे, बांबू, बाज, ज्वारीची पोती, डालग्यातल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि सगळ्यांच्या वर माणसं. चाकाखाली लिंबू, समोर नारळ, की ऊसतोडीची टोळी निघाली. मग मागून कुत्री धावतात. मी हे कितीतरी वेळा मोजलंय. पहिल्या वळणापर्यंत सगळी असतात, ओढ्याच्या पुलावर निम्मी उरतात, हायवेला लागेपर्यंत एखादंच. दिवस मावळायच्या आत ती सगळी परत येतात आणि आपापल्या कुलपासमोर बसतात.

त्या कुलपांपासूनच आमचं काम सुरू झालं. कोणत्या वस्तीवर किती दारं बंद, कोणत्या दारासमोर किती कुत्री, त्यांना कोण घालणार, कोणतं आजारी. ही यादी गुढीपाडव्यापर्यंत चालते. पाडव्याच्या आगेमागे माणसं परत येतात, कुत्री त्यांच्या अंगावर उड्या मारतात आणि मी एकेका ओळीवर काट मारते. वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं काम ते. गेल्या वर्षापर्यंत या ट्रॅक्टरांचं मला काहीच वाटत नव्हतं. आता लांबून एखादा घरघरला तरी मी हातातलं काम टाकून फाटकाशी येते.

गेल्या वर्षी याच दिवसांत हायवेच्या मोरीत दोन पिल्लं सापडली होती. दोन महिन्यांची असतील. आई कुठे दिसली नाही. रजिस्टरला एक्केचाळीस आणि बेचाळीस नंबर पडले. आमच्याकडे नावं ठेवत नाहीत, नंबर असतो. नाव ज्यानं न्यायचं त्यानं ठेवायचं. नवं आलेलं जनावर एकवीस दिवस शेडमध्ये ठेवायचं, त्याआधी कुणालाही द्यायचं नाही, हा नियम माझाच. भिंतीवर मोठ्या अक्षरात मीच लिहून लावलाय.

नवव्या दिवशी उमापूरच्या अलीकडच्या वस्तीवरचा भागवत आला. बरोबर बायको मंदा आणि नऊ वर्षांची ऋतुजा. रस्त्यावर त्यांचा ट्रॅक्टर भरलेला उभा, मुकादम हॉर्न वाजवतोय.

"राखणीला एक द्या मॅडम," भागवत म्हणाला. "कोपीला दार नसतंय. आमी दोघं अंधारात फडात जातो, पोरगी एकली ऱ्हाती."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. मंदा हसली. "एकवीस दिसांनी आमी कुटं असू, तुमी कुटं असाल! कुत्र्याला काय एस्टीनं पाठवताव?"

ऋतुजानं बेचाळीसला आधीच उचललं होतं. पिल्लानं तिच्या गळ्याखाली तोंड खुपसलं होतं. मी पाहिलं ते एवढंच: दार नसलेली झोपडी आणि तिच्यात दिवसभर एकटी मुलगी. फॉर्म पुढे केला. भागवत म्हणाला, "तीच लिहिती." तिनं सुरेख वळणदार अक्षरात सगळं भरलं. नाव, वय, कायमचा पत्ता, मोबाईल. एकही रकाना रिकामा नाही. मी शेऱ्यात 'अपवाद' लिहिलं, खाली सही केली. मला वाटतं त्या दिवसाइतकी मी स्वतःवर खूश कधीच नव्हते.

ट्रॅक्टरवर चढवताच पिल्लू मोकळ्या सीटवर जाऊन बसलं आणि पुढचे पाय त्यानं स्टेअरिंगवर टेकले. मुकादम ओरडला, "ए बे, उतर, लायसन हाय का?" सगळी ट्रॉली हसली. ऋतुजा म्हणाली, "ह्याचं नाव ड्रायव्हर." नारळ फुटला.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी अंकुशभाऊंनी मला शेडच्या फाटकावरच अडवलं. हा माणूस कधी हात पुढे करून कुणाला अडवत नाही.

"मॅडम, आत येऊ नका. एक्केचाळीसचा आवाज बसलाय."

मी म्हणाले, गारठ्यानं बसला असेल. त्यांनी आत बोट केलं. मग मलाही ऐकू आला. घशात काहीतरी अडकल्यासारखा, तुटका, म्हाताऱ्या माणसाच्या ओरडण्यासारखा आवाज, आणि तो तीन महिन्यांच्याही आतल्या पिल्लाच्या तोंडून. ते पत्र्याची कड चावत होतं. तोंडातून लाळेची तार. पाण्याची वाटी समोर भरलेली होती, तशीच.

"पिसाळलंय," अंकुशभाऊ म्हणाले. इतक्या हळू की जणू त्या पिल्लाला कळू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मेलं. आम्ही तिघांनीही सरकारी दवाखान्यात सुया घ्यायला सुरुवात केली. शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. त्या दिवसांचे आकडे मला अजून झोपेतून उठवून विचारा. सुया घेतल्या की भीती जाते असं लोकांना वाटतं. मी रोज सकाळी ओट्यासमोर उभी राहून पेला भरायचे, पाण्याकडे बघायचे, आणि घोट घशाखाली उतरताना कान देऊन ऐकायचे. नवरा एकदा म्हणाला, "पाणी पितेस का परीक्षा देतेस?" मी दुसरा पेला भरला. पेला ठेवताना हात थरथरतोय का, तेही मी बघत होते.

पण ती माझी भीती लहान होती. मोठी भीती फाईलमध्ये होती. एका मोरीतली दोन पिल्लं, एका आईची. एक्केचाळीस पिसाळून मेलं होतं. बेचाळीस दार नसलेल्या झोपडीत एका मुलीच्या कुशीत झोपत होतं.

मोबाईल लावला. बंद. फॉर्मवरचा नंबर मुकादमाचा होता, आणि त्यानं तिकडे गेल्यावर दुसरं सिम घातलं होतं. मग मी पत्ता वाचला. वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. सगळं बिनचूक. आणि तिथे पाडव्यापर्यंत कुणी नव्हतं. आमच्या जिल्ह्यातली निम्मी माणसं निम्मं वर्ष आपल्या कायमच्या पत्त्यावर नसतात. मी इथे जन्मले, इथेच म्हातारी होतेय. कॉलेजात अर्ज घेताना मुलं विचारतात, "मॅडम, आईवडील फडावर हायेत, सही कुणाची?" तरी माझ्या फॉर्मवर 'आता कुठे निघालात' हा रकाना नव्हता. चुकीचं काही लिहिलं गेलं असतं तर ते मी पकडलं असतं. जे विचारलंच नाही, ते पकडणार कसं?

तरी आम्ही तिघं वस्तीवर गेलो. जे कुणी या दिवसांत अशा वस्त्यांवर गेलेत त्यांना तिथली शांतता सांगायला नको. कुलपं, कुलपांसमोर कुत्री, आणि अधेमधे उन्हात बसवून ठेवलेली म्हातारी माणसं. भागवतचे चुलते बाजेवर होते. कारखान्याचं नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कुटं धेनात ऱ्हातंय बाई. कड्याच्या अंगाला गेल्याली. पोरं गेली की फोन बी संगंच जातोय." मग डोळे बारीक करून म्हणाले, "कावून? कुणी मेलं का?"

मी नाही म्हणाले. ते नाही मलाच पटलं नाही.

कडा गावाच्या वाटेवर गाडीत मी भागवतचं नाव, मुकादमाचं आडनाव, गाव, तालुका असं कागदावर मांडून घेतलं. तिकडे उसाचे फड चहूबाजूंनी, टोळ्या कुठे कुठे पांगलेल्या. कारखान्याच्या रस्त्यावर मी पाच-सहा जणांना कागद वाचून दाखवला. "भागवत तर लई हायेत," एकजण म्हणाला. शेवटी शमीमआपांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला, घडी करून चोळीत खोचला आणि चहावाल्याला विचारलं, "क्यूं भैया, स्टेरिंगवर बसणारं कुत्रं बघितलं का रे इकडं?"

चहावाला हसला. "ते ड्रायव्हर? काल हितंच हुतं की. ओढ्याच्या पलीकडच्या फडावर हाय ती टोळी."

माझा सगळा फॉर्म एकीकडे आणि त्या मुलीनं ठेवलेलं नाव एकीकडे.

ओढा ओलांडला तेव्हा दुपार कलली होती. कापलेल्या उसाचा गोडसर वास, पाचट जाळल्याचा धूर, ओळीनं कोप्या. ड्रायव्हर एका कोपीसमोर बांधलेला होता आणि शेपूट हलवत होता. मला हायसं वाटलं. अंकुशभाऊंना वाटलं नाही. त्यांनी लांबूनच उकिडवं बसून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागचे पाय बघा." तो उठताना डाव्या बाजूला झोकांडत होता.

मंदाला फडातून बोलावून आणलं. मी विचारलं, चावलं का कुणाला? "न्हाई वो, लई गरीब हाय." भागवतला विचारलं, न्हाई. ऋतुजाला विचारलं. तिनं मान हलवली, न्हाई. मी ते लिहून घ्यायला वही उघडली. मला 'नाही' हवं होतं, आणि मिळालं होतं.

शमीमआपा कोपीच्या तोंडाशी बसून भाकरी सोडत होत्या. एक तुकडा त्यांनी ऋतुजापुढे धरला. तिनं तो डाव्या हातानं घेतला.

"उजव्या हातानं घे ना बेटा. डाव्यानं कोण खातं?"

पोरगी हलेना. उजवा हात परकराच्या घोळात. आपांनी तुकडा खाली ठेवला, तिला जवळ ओढून मांडीवर घेतलं आणि काहीही न विचारता तो हात बाहेर काढला. अंगठ्याच्या मुळाशी चिंधी. चिंधीखाली हळद. हळदीखाली दोन बारीक भोकं, कडा सुजलेल्या.

"कवाचं हाय हे?" मंदाचा आवाज फाटला.

"सा दिवस झाले," ऋतुजा म्हणाली. "त्यानं मुद्दाम न्हाई केलं. तुमी न्याल त्याला म्हणून म्या सांगितलं न्हाई."

मला त्या क्षणाचं काय आठवतं? समोरच्या चुलीवर भाताला आलेली उकळी. बादलीतलं पाणी. अंकुशभाऊ साबण लावून तो हात धूत होते, मनात आकडे मोजत, संपवतच नव्हते, आणि ऋतुजा विचारत होती, "किती धुता वो? निगंल ना कातडं." मी आपला चेहरा कुणाला दिसू नये म्हणून पाठ करून उभी होते.

त्याच दिवशी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जखमेभोवती द्यायचं औषध तिथे होतं. ती टेबलावर चढायला तयार होईना. डॉक्टरांनी समजावलं, बापानं दटावलं, मंदा रडली. मग मी तिच्याजवळ गेले आणि सौदा केला. सगळ्या सुया घेतल्यास तर ड्रायव्हर परत. तोवर तो माझ्याकडे शेडमध्ये, त्यालाही सुया.

"खरंच?"

"खरंच."

तिनं हात पुढे केला.

ड्रायव्हर चौथ्या दिवशी मेला. शेवटी शेवटी त्याचाही आवाज बसला होता. अंकुशभाऊंनी शेडच्या मागे खोल खड्डा घेऊन, चुना टाकून त्याला पुरलं. रजिस्टरला मी लिहिलं: बेचाळीस, मृत. रजिस्टरात मी खोटं लिहीत नाही. फोनवर बोलले.

सातव्या दिवसाच्या सुईआधी फोन मीच केला. मंदाला नव्या नंबरवर आठवण करून द्यायची म्हणून. टोळी तेव्हा दुसऱ्या फडावर गेली होती, दवाखाना दुसरा, कागद नवे. फोन पोरीनं घेतला. मी विचारलं, "पाणी प्यालीस का गं?" ती म्हणाली, "प्याले. ड्रायव्हर कसा हाय?"

मी म्हणाले, बरा आहे.

चौदाव्या दिवशी तेच. अठ्ठाविसाव्या दिवशी तेच. नंतर सुया संपल्या, फोन संपले नाहीत. अठ्ठावीस दिवसांनी सगळं संपतं असं दवाखान्यात सांगतात, पण कितीतरी महिन्यांनी विष उलटल्याच्या गोष्टी अंकुशभाऊंनी इतक्या वर्षांत ऐकल्यात, आणि मी त्यांना खोदून खोदून विचारल्यात. दर रविवारी सकाळी मी फोन करायचे. मंदा मागून हसून म्हणायची, "मॅडम सारखं पाणीच इचारत्यात, जसं काई आमच्याकडं दुष्काळ हाय." मला पाण्याचं उत्तर हवं असायचं, तिला ड्रायव्हरचं. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवून तो रविवार काढायचे. ती माझ्या शब्दावर.

खरं सांगायची वेळ अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुईनंतर होती. तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर पोरीला कळेल की त्या कुत्र्याला काय झालं होतं, म्हणजे तिच्या आत काय गेलं असेल. दार नसलेल्या कोपीत दिवसभर एकटी बसून तिनं ते मनात घोळवावं? मी घोळवत होते ना. दोघींनी कशाला? हे कारण खरं आहे. दुसरंही आहे. तिनं विचारलं असतं, तुमीच तर दिला होता. भिंतीवर लिहिलं होतं ना, एकवीस दिवस.

पाडव्याला ते परत आले. शमीमआपांच्या हाती मी वह्या आणि फ्रॉक पाठवला, स्वतः गेले नाही. परत आल्यावर आपा कढई घासता घासता म्हणाल्या, "पोरगी लई चांगली हाय. पण तुझं खोटं मी नेणार न्हाई पुन्हा. माझं वजन उचलतं का मला, त्यात तुझं?" पावसाळ्यात दोनदा निरोप आला, ड्रायव्हरला भेटायला येते म्हणून. एकदा मी परीक्षेच्या कामाचं सांगितलं, एकदा शेडमध्ये साथ असल्याचं.

फॉर्म नवा छापलाय. त्यात आता दोन पत्ते आहेत: पाडवा ते दसरा, आणि दसरा ते पाडवा. खाली कारखाना, मुकादमाचे दोन्ही नंबर, ट्रॅक्टर-मालकाचा नंबर. अपवादाचा शेरा काढून टाकलाय. या महिन्यात तिघांना रिकाम्या हातानं परत पाठवलं, त्यातला एक मला "दगडाची बाई" म्हणून गेला. म्हणू दे.

आज सकाळी हजेरी लिहून होते तोच फाटकाशी मोटारसायकल थांबली. भागवत, आणि मागे ऋतुजा. उंच झालीय. हातात चिंध्यांची वेणी घालून केलेला पट्टा, त्याला घुंगरू. मोठ्या कुत्र्याच्या गळ्याला येईल एवढा. वर्षभरात तो केवढा झाला असेल, याचा तिनं अंदाज बांधला होता.

ती माझ्याशी काही बोलायच्या आधी सरळ कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. तांब्या बुडवला, तोंडाला लावला, गटागटा सगळा संपवला, आणि तोंड पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बघा बाई, प्याले. आता ड्रायव्हर दावा."

अंकुशभाऊ गाढवाच्या पायाची पट्टी सोडत होते, त्यांचे हात थांबले. शमीमआपा माझ्याकडे बघत होत्या. आणि मी, इतकी वर्षं लोकांना तोंडावर 'तुमचा अर्ज नामंजूर' सांगणारी बाई, म्हणाले, "तो आत्ता इथे नाही गं."

तेवढ्यात भागवतचा फोन वाजला. मुकादम. बोलून झाल्यावर तो गाडीला किक मारत म्हणाला, "चल गं, ट्रॉली भरायचीय. मॅडम, उद्या सकाळी सातला नारळ हाय. तवा आणताव का त्याला वस्तीवर?"

माझी मान हलली. कशी हलली ते मला माहीत नाही. ऋतुजानं पट्टा माझ्या हातात दिला. "घालूनच आणा. म्हंजी सगळ्यांला दिसंल, ह्यो आमचा हाय."

आता दुपारचे चार वाजलेत. पट्टा टेबलावर, रजिस्टरशेजारी. उद्याची यादी केली आहे. जंतांच्या गोळ्या, गाढवाची पट्टी, वस्तीवरच्या नव्या कुलपांची मोजणी. सगळ्यात वर, सहा वाजता: गाडीत पिंजरा न ठेवता निघायचं, पट्टा बरोबर घ्यायचा, नारळाच्या आधी पोहोचायचं. त्यापुढची ओळ गेल्या हिवाळ्यापासून एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत आलीय, आणि आजही मी ती जशीच्या तशी उतरवली:

ऋतुजाला सांगणे.